शनिवारचं दूध

एलोजी बोर्लाईकराच्या म्हशी
उन्हाळ्यात खाडी पोहून जात.
पुढे माझ्या आज्याची होडी,
मागे पाण्यावर नुसती शिंगं,
आणि होडीत उभा एलोजी,
एकेकीला नावाने हाक मारत.
अलीकडे सरकार, पलीकडे संस्थान,
मध्ये कुंडलिकेचं गढूळ पाणी
कुणाच्याच दप्तरात नसलेलं.

पलीकडे नाक्यावर कारकून डोकी मोजायचा.
डोक्याला दोन आणे.
एका साली चांदी म्हैस गाभण,
पोहणार नाही म्हणून मचव्यात चढवली,
तर ती मचव्यातच व्याली.
कारकून म्हणाला, तेवीस.
एलोजी म्हणाला, बावीस.
"तुमच्या हद्दीत जन्मलं तर ते बाहेरून आलं नाही.
आमच्या हद्दीत जन्मलं म्हणत असाल
तर दाखवा, पाण्यात रेघ कुठे आहे."
दुपार टळली.
कारकुनाने रेडकाला हात लावून पाहिला,
मग हात धोतराला पुसला
आणि बावीस लिहिलं.
आजा सांगायचा, पुढारी तो तिथे झाला,
मतं वगैरे नंतर.

शुक्रवारी दिवा लागला
की एलोजी दाव्यालाही हात लावत नसे.
पण भरलेली कास कुणाचा धर्म पाळत नाही,
म्हणून शनिवारी धारेला आजा बसायचा,
आणि ते दूध आमचं.
मोजायचं नाही, विकायचं नाही.
माझ्या बापाची हाडं त्या दुधाची.

घरात बायका दोन.
थोरली मिलकाबाई,
धाकटी रिवकाबाई, मेलेल्या भावाची,
भावाचं नाव बुडू नये म्हणून केलेली.
बोर्डाच्या निवडणुकीत पत्रकं निघाली:
दोन चुलींचा माणूस एक तिजोरी काय सांभाळणार?
एलोजी पारावर उभा राहिला, म्हणाला,
"दोन चुलींचं पीठ मला मोजता येतं.
तुम्हाला एकीचं येतं का?"
माणसं पोट धरून हसली.
त्या दोघी काही हसल्या नाहीत.
त्या घरी कांदे चिरत होत्या,
आणि तीन दिवस एकमेकींशी बोलत नव्हत्या.

निवडून आला. मग खारबांधाचा ठराव.
पाच गावांच्या भातात उधाणाचं पाणी शिरायचं,
बांध हवा, उघाडी हवी.
अध्यक्षाने सभा ठेवली शनिवारी.
(मुद्दाम? आजा म्हणे, मग काय चुकून?)
एलोजी शुक्रवारी दुपारीच अलिबागला पोचला,
नात्यातल्या एका तेल्याकडे राहिला,
सकाळी चालत सभेला गेला.
बोलला. ठरावाला हात वर केला.
मग हजेरीचं पुस्तक पुढे आलं, त्यावर टाक.
"सूर्य बुडाला की करतो सही."
"सभा पाचला संपते, बोर्लाईकर."
सही नाही तो माणूस सभेत नाही.
ठराव एका मताने पडला.

भादव्यातल्या उधाणाला
आमची सहा गुंठे गेली.
त्याचीही गेली, पण ती मोजायला
आजा तयार नव्हता.
"एक रेघ मारायची होती भडव्याला," म्हणायचा,
"एक रेघ."
वर्षभर शनिवारी धारेला मात्र बसला,
आणि घागर तशीच उचलून खाडीत ओतायचा.
एलोजी ओट्यावरून बघायचा.
एकदाही काही बोलला नाही.

पुढच्या साली बोर्डाला न विचारता
त्याने म्हशी विकल्या.
आधी अकरा, मग सात, मग चांदी.
आगऱ्यांची चाळीस माणसं चिखलात उतरली,
एलोजी स्वतः ढेपा वाहायचा,
दाढीपर्यंत खाजणाचा गाळ.
आठवड्याला एक दिवस काम बंद.
भरती-ओहोटी त्या दिवशीही चालू,
म्हणून रविवारी थोडं पुन्हा करावं लागायचं.

बांध अजून आहे.
उघाडीच्या दगडावर ठेकेदाराचं नाव आहे,
दुरुस्ती करणाऱ्याचं, बरंच नंतरचं.
मी तिथे जिताड्यासाठी गळ टाकून बसतो.
भरती लागली की खालच्या फळ्या थडथडतात.

आज्याला एकदा विचारलं होतं,
सौदा बरा झाला का रे शेवटी.
त्याने उत्तर दिलं नाही.
शनिवार होता,
पुढ्यात काळा चहा.